बाणकोटचे तरुण पाद्री

श्रोतेहो, विशी-पंचविशीतला एखादा मुलगा आपला गाव सोडतो, आईवडिलांचा निरोप घेतो आणि हजारो मैल दूर जातो. नोकरीसाठी नव्हे, व्यापारासाठीही नव्हे, तर आपला धर्म दुसऱ्यांना सांगण्यासाठी. तिथली भाषा त्याला येत नाही, हवा मानवत नाही, आणि तो येणार म्हणून कोणी डोळे लावून बसलेलेही नसते. अशा मुलाचा दिवस कसा जात असेल? सकाळी उठून तो करतो तरी काय? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू या. प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बाणकोटला आणि हर्णैला, दोनशे वर्षांपूर्वी असे काही तरुण येऊन राहिले होते.

पण आधी आजच्या काळातले एक उदाहरण घेऊ, म्हणजे जुने चित्र ध्यानात यायला सोपे जाईल. अमेरिकेत मॉर्मन नावाने ओळखला जाणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. या पंथातले हजारो तरुण अठरा वर्षे पूर्ण झाली की दोन वर्षांसाठी प्रचाराला निघतात. पगार नाही, खर्च बहुधा स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. कुठल्या देशात जायचे हे स्वतः ठरवायचे नाही, वरून पत्र येईल तिकडे जायचे. परकी भाषा शिकवण्यासाठी युटा राज्यात प्रोव्हो या गावी त्यांची मोठी शाळा आहे. मग परक्या गावात दोघादोघांची जोडी करून राहायचे आणि जोडीदाराला एकटे सोडून कुठे जायचे नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला उठायचे, व्यायाम, प्रार्थना, धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास करायचा. मग पांढरा सदरा घालून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून बाहेर पडायचे. दारोदार जायचे, बोलायचे आणि बहुतेक दारांतून नकार घेऊन परत यायचे. रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. २०१९ सालापासून त्यांना आठवड्यातून एकदा घरी फोनवर बोलायची मोकळीक मिळाली आहे. त्याआधी वर्षातून दोनदाच काय ते आईचा आवाज कानी पडे.

या पंथाची माणसे आपल्या मुलखात येऊन गेली आहेत, बरे का. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश प्रचारक १८५१ साली मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याच्या छावणीच्या आसपास राहिले. चार माणसे जमली, तीही बरीचशी गोऱ्या पलटणीतली. आणि थोड्याच वर्षांत ते काम आटोपले. पण पुण्यात मॉर्मन येण्याच्याही पंचवीस-तीस वर्षे आधी, त्यांच्या पंथाचा जन्मसुद्धा झालेला नव्हता तेव्हा, स्कॉटलंडचे दुसऱ्या एका मिशनचे तरुण बाणकोटच्या खाडीवर मराठीची बाराखडी गिरवीत बसले होते. आजची आपली गोष्ट त्यांची आहे.

ते बाणकोटलाच का आले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण राजकारणात आहे. १८१३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात पाद्र्यांना सहसा थारा देत नसे. लोकांच्या धर्माला हात लावला तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येतील, ही तिची भीती. १८१३ च्या नव्या सनदेने ते दार उघडले. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या मनात पुण्याला जायचे होते. पण मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन मोठे सावध गृहस्थ. नुकत्याच जिंकलेल्या ब्राह्मणी राजधानीत पाद्री नेऊन बसवणे त्यांना मानवेना. बाणकोटची गोष्ट वेगळी होती. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला, आपला हिंमतगड, इंग्रजांनी १७५६ सालीच घेतला होता आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. इथला अंमल जुना, मुंबईशी गलबतांची ये-जा रोजची. म्हणून १८२३ साली पहिले स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल यांना बाणकोटची वाट दाखवण्यात आली. हे पूर्वी कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. तलवार ठेवून बायबल हाती घेतलेला माणूस. पण ते वर्ष संपायच्या आतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागोमाग जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन आले. १८२७ साली रॉबर्ट नेस्बिट आले, आणि १८२९ साली जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट. नेस्बिट आणि विल्सन, दोघेही येताना अवघे चोवीस वर्षांचे होते.

आता त्यांचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ साली उघडला. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी मुंबईला लागे. पत्रालाही तेवढेच दिवस. म्हणजे घरी काही विचारले, तर उत्तर यायला जवळजवळ वर्ष. आई आजारी आहे असे पत्रात वाचायचे, तेव्हा ती बरी झालेली असायची किंवा या जगात नसायची. मुंबईहून पुढे मचव्याने किंवा पडावाने बाणकोट. आणि तेही दर्याने वाट दिली तर. मृग लागला की बंदर बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र खवळलेला, पागोळ्या अखंड गळताहेत, कपड्यांना बुरशी, पुस्तकांना वाळवी. आपल्याला ही हवा जन्माची सवयीची. थंड देशातल्या मुलाला ती कशी वाटली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अशा ठिकाणी त्यांचा दिवस सुरू होई तो प्रार्थनेने, आणि प्रार्थनेनंतर लगेच पंडितजींच्या येण्याने. माझ्या मते हीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. जो सगळ्या मुलखाला शिकवायला म्हणून आला होता, त्याला सकाळी प्रथम पाटी घेऊन शिष्य म्हणून बसावे लागे. गुरू म्हणजे इथलाच कोणी विद्वान ब्राह्मण. ज्याचा धर्म बदलावा म्हणून हा एवढा समुद्र ओलांडून आला, तोच माणूस.

आणि शिकायचे ते कशावर? आज कोणीही दुकानात जाऊन शब्दकोश विकत घेईल. तेव्हा विल्यम केरी यांनी दूर बंगालात श्रीरामपूरला १८०५ साली छापलेले छोटे व्याकरण आणि १८१० साली काढलेला कोश, अशी काय ती थोडीफार छापील शिदोरी. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश निघाला तो १८३१ साली. तोवर ज्याने त्याने आपापली वही करायची. कानावर पडलेला शब्द लिहून घ्यायचा, तो पंडिताला विचारायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बोलून पाहायचा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपली भाषा परक्याला किती अवघड जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. दिवा तो, वात ती आणि तेल ते. असे का, हे मोठ्या पंडितालाही सांगता येत नाही. इंग्रजी जिभेला त आणि ट एकच. बाळ म्हणायला जावे तर तोंडातून बाल निघते. चार या शब्दातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा. लिहायला अक्षर मात्र एकच. त्यात माणसामाणसाप्रमाणे बोलणे बदलणार. तू कोणाला म्हणायचे, तुम्ही कोणाला आणि आपण कोणाला, हे चुकले की ऐकणारा दुखावला जातो किंवा हसतो. आणि पंडिताकडून शिकलेली पोथीतली मराठी घेऊन खाली बंदरावर जावे, तर तिथे कोळ्यांची बोली निराळी, कोकणी मुसलमानांची निराळी, कुणब्यांची निराळी. शिकलेला मनुष्य घटकाभर पुन्हा अडाणीच व्हायचा.

सकाळचा अभ्यास झाला की शाळांची फेरी. या मिशनने बाणकोट-हर्णैच्या परिसरात मराठी शाळा काढल्या. तोपर्यंत गावात मुलाला शिकायचे तर ओटीवरची पंतोजीची शाळा. धूळपाटीवर अक्षरे, पाढे, थोडी मोडी, आणि त्याचा लाभ ठरावीक घरांनाच. मिशनच्या शाळेतही शिकवणारे पंतोजी बहुतेक हिंदूच असत, कारण दुसरे आणायचे कुठून? पाद्रीसाहेबांनी गावोगाव जाऊन मुलांची परीक्षा घ्यायची, हजेरी पाहायची, पंतोजीचा पगार द्यायचा. मुलांनी लिहिणे-वाचणे शिकावे, गणित शिकावे, आणि त्याच वाचनातून ख्रिस्ताची शिकवण त्यांच्या कानी पडावी, असा हा बेत होता. पालकांना तो कळत नव्हता असे नाही. त्यांनीही हिशेब केला होता: मुलगा वाचायला शिकेल, बाकीचे घरी पाहून घेऊ. पाद्र्याचा हेतू एक, पालकाचा हेतू दुसरा, आणि दोघांच्या मधोमध पोराच्या हातात पाटी. शिक्षणाचा इतिहास पुष्कळदा असाच घडतो.

दुपार उन्हाची. ती लिहिण्यात जाई; मिशनला अहवाल, घरी पत्र, शुभवर्तमानाचे भाषांतर. संध्याकाळी बाजारात, बंदरावर, देवळाबाहेरच्या पारावर उभे राहून बोलायचे. हिवाळ्यात गावोगाव दौरा, पालखीतून नाहीतर पायी. वडाच्या सावलीत माणसे जमवायची, छापील पुस्तिका वाटायच्या. लोक ऐकत का? ऐकत, आपला कोकणी माणूस नवीन मनुष्य आला की ऐकणारच. पण ऐकून घरी जात. कोणी वाद घालत, कोणी थट्टा करत, कोणी भाकरी-पाणी पुसत. बाप्तिस्मा घेणारे मात्र अगदी विरळा. रात्री दिव्यापाशी बसून त्या तरुणाने दिवसाचा हिशेब मांडला, तर ज्या कामासाठी आलो त्या रकान्यात बहुधा शून्यच मांडावे लागत असेल.

आता एक गोष्ट सरळ बोलली पाहिजे. तुमचा धर्म खोटा आहे, हेच हे तरुण सांगायला आले होते. भाषा शिकले ती प्रेमापोटी जशी, तशी वादात जिंकण्यासाठीही. आपल्या लोकांना ते झोंबले, आणि झोंबणे स्वाभाविक होते. विल्सन मुंबईला गेल्यावर १८३१ साली मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी वाद घातला आणि हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिले. विल्सननी १८३२ साली त्याला उत्तर छापले. १८४३ साली मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांकडे राहिला. त्या घरावर काय प्रसंग गुदरला असेल, ते ज्याला मुले आहेत त्याला सांगायला नको. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, श्रीपत घरी परत आला, पण जात त्याला घेईना. तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर. आपल्या पोंभुर्ल्याचे, दर्पणकार. स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला, पण पोरगा पोरका होऊ दिला नाही. तेव्हा मिशनऱ्याच्या गोष्टीला ही दुसरी बाजू आहे, आणि ती विसरून चालणार नाही.

मग या तरुणांचे मागे काय राहिले? बाणकोट-हर्णैचे ठाणे फार दिवस टिकले नाही. १८३० नंतरच्या काही वर्षांत मिशनने आपला मुक्काम मुंबई-पुण्याकडे हलवला. धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर कोकणातला हा डाव वाया गेला, असेच कोणी म्हणेल. पण सकाळच्या त्या पाठाचा हिशेब निराळा निघतो.

स्टीव्हन्सननी १८३३ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे ते संस्कृताकडे वळले, आणि १८४२ साली त्यांनी सामवेदाचे इंग्रजी भाषांतर काढले. वेद खोडून काढायला आलेला मनुष्य वेदाचे भाषांतर करून बसला, याला काय म्हणावे! नेस्बिट यांचे मराठी उच्चार इतके साफ होते की पुढे त्यांची त्याबद्दल ख्याती झाली; १८५५ साली मुंबईत ते पटकीने गेले. विल्सन वर्ष संपण्याच्या आत मराठीतून प्रवचन करू लागले. मार्गारेटबाईही त्यांच्याबरोबर मराठी शिकल्या आणि मुंबईला गेल्यावर त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, त्या मुंबईत वारल्या. विल्सननी स्थापलेली शाळा पुढे वाढून विल्सन कॉलेज झाले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तेव्हा मराठी भाषेच्या घडणीवरचे टिपण लिहायला विद्वानांनी निवड केली ती विल्सन यांची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर पंडितापुढे बाराखडी घोकणारा विद्यार्थी तो हाच. जेम्स मिचेल पुण्याला गेले, आणि पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ पासून एक माळ्याचा मुलगा शिकत होता: जोतीराव फुले. ते काही ख्रिस्ती झाले नाहीत. पण १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर दापोलीला चला. तिथे पुढे एका वेगळ्या, इंग्लंडच्या मिशनचे हायस्कूल निघाले. त्या शाळेत शिकून पांडुरंग वामन काणे १८९७ साली मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय काणे ते हेच. पालगडचे साने गुरुजीही काही वर्षे दापोलीच्याच मिशन हायस्कुलात शिकले. हिंदूंच्या धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक पाद्र्यांच्या बाकावर बसून इंग्रजी शिकला! पेरणाऱ्याने एक बी टाकले, आणि जमिनीने आपल्या गुणाप्रमाणे पीक दिले.

या साऱ्यात एका माणसाची आठवण मात्र राहिली नाही. तो म्हणजे रोज सकाळी येऊन बसणारा पंडित. साहेबांची चरित्रे लिहिली गेली. त्या शास्त्रीबुवांची नावे आज आपल्या तोंडी नाहीत. शेजारीपाजारी त्यांना काय म्हणाले असतील? पाद्र्याला आपली विद्या देतो म्हणून बोटे मोडली असतील. त्यांनी मात्र ळ आणि ण घोटवून घेतला, चुकला तिथे टोकले, आणि महिन्याचे मानधन घेऊन घरी गेले. शिष्य आपल्या मताचा नाही म्हणून त्यांनी विद्या हातची राखून ठेवली नाही. आपल्या व्यवसायातल्या माणसांनी या अनामिक गुरूंना मनोमन एक नमस्कार करावा, असे मला वाटते.

शिक्षक मित्रांनो, शेवटी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. धर्म सांगणे हे तुमचे-माझे काम नाही. पण परक्या गावात जाऊन शिकवणे, हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आलेले आहे. विदर्भातला, मराठवाड्यातला तरुण शिक्षक मंडणगडच्या नाहीतर संगमेश्वरच्या वाडीवर नेमणुकीला येतो. पावसाने त्याचा जीव मेटाकुटीला येतो, माशांच्या वासाने जेवण जात नाही. वर्गात जावे तर पोरे आपसात बोलतात ते त्याला कळत नाही, आणि तो बोलतो ते पुस्तकी मराठी पोरांना कळत नाही. कातकरी वस्तीवरचे मूल तर घरी निराळीच बोली बोलत असते. ते वर्गात गप्प बसते, आणि आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे. मठ्ठ कुठले? ते बिचारे परक्या किनाऱ्यावर उतरलेले आहे.

अशा वेळी बाणकोटच्या त्या तरुणांचा दिनक्रम आठवावा. त्यांचे मत आपल्याला पटो न पटो, त्यांची सकाळ मात्र उचलण्यासारखी आहे. आधी तासभर शिष्य व्हायचे, मग गुरू व्हायचे. वाडीवरच्या म्हाताऱ्याजवळ बसून चार शब्द विचारून घ्यावेत, पोरांना त्यांच्या बोलीत झाडांची, माशांची, अवजारांची नावे सांगायला लावावीत, आणि ती वहीत उतरून घ्यावीत. पोरांना हसू येईल, येऊ द्या. गुरुजींना आपली भाषा शिकायची आहे असे कळले, की त्याच दिवसापासून गप्प बसणारे पोर बोलू लागते. आणि मूल एकदा बोलू लागले म्हणजे आपले निम्मे काम झाले.

श्रोतेहो, बाणकोटच्या किल्ल्यावर उभे राहिले की खाली सावित्री समुद्राला मिळताना दिसते. भरतीच्या वेळी खारे पाणी आत शिरते, ओहोटीला नदीचे पाणी बाहेर जाते. दोन्हींनी मिळून ती खाडी झालेली आहे. तिथे जाण्याचा कधी योग आला, तर त्या परदेशी विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या इथल्या गुरूंची एकदा आठवण काढा, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो. नमस्कार.